हाडांवरून माणसाचं नाव कसं कळतं? अर्जेंटिनाच्या विद्यार्थ्यांनी कबरी उकरून उभं केलेलं शास्त्र

'सीआयडी' मालिका पाहिलेल्या प्रत्येकाला डॉ. साळुंखे माहीत आहेत. लॅबमध्ये टेबलावर सांगाडा मांडलेला असतो. एसीपी प्रद्युमन दारातून आत येईपर्यंत साळुंखेंनी वय, उंची, मृत्यूची वेळ आणि खुनाचं हत्यार एवढं सगळं सांगून टाकलेलं असतं. जाहिरातीनंतर नावही कळतं.

खऱ्या आयुष्यात सांगाड्यावरून मृत्यूची वेळ तर सोडाच, नेमकं वर्ष सांगणंही अवघड असतं. वय, लिंग, उंची कळते, पण ती 'साधारण इतकी ते इतकी' अशी. आणि घरच्यांना जी एकच गोष्ट हवी असते, म्हणजे 'हा आमचाच का?', तिचं उत्तर कुठल्याही हाडावर लिहिलेलं नसतं. ते शोधायला हाडं ठेवून बाहेर पडावं लागतं आणि कुणाच्या तरी आईसमोर जाऊन बसावं लागतं.

हे काम करणाऱ्यांना फॉरेन्सिक अँथ्रोपोलॉजिस्ट म्हणतात. मराठीत न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ. पोस्टमॉर्टेम करणारा डॉक्टर शरीर तपासतो. शरीर उरलेलंच नसेल, फक्त हाडं असतील, तर यांची गरज पडते. हे शास्त्र अमेरिकेत आधीपासून होतं, पण त्याला आजचं रूप मिळालं ते १९८४ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये, कॉलेजात शिकणाऱ्या काही मुलामुलींच्या हातून.

माणसं गायब करणारं सरकार

२४ मार्च १९७६ ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. पुढची सात वर्षं विरोधक, कामगार पुढारी, विद्यार्थी, पत्रकार असे हजारो लोक घरातून, रस्त्यावरून उचलले गेले. अटकेची नोंद नाही, खटला नाही, मृतदेहही नाही. घरच्यांनी पोलिसांत विचारलं की उत्तर ठरलेलं, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. स्पॅनिशमध्ये या लोकांना 'देसापारेसिदोस' म्हणतात, म्हणजे गायब केलेले. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने सुमारे ९ हजार जणांची प्रकरणं नोंदवली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३० हजार सांगतात.

डिसेंबर १९८३ मध्ये लष्करी राजवट संपली. तोवर कुजबुज होतीच, की गावोगावच्या दफनभूमीत 'एन. एन.' असं लिहिलेल्या कबरी फार वाढल्यात. एन. एन. म्हणजे आपल्याकडच्या पोलिसी भाषेत 'अनोळखी इसम'.

मग न्यायाधीशांनी या कबरी उघडायचे आदेश दिले आणि इथे मोठा घात झाला. दफनभूमीतल्या कामगारांनी काही ठिकाणी थेट बुलडोझर लावले. हाडं मोडली, चार-पाच जणांचे सांगाडे एकमेकांत मिसळले, दात आणि बंदुकीच्या गोळ्या मातीत गेल्या. ढिगाऱ्याच्या कडेला उभे असलेले नातेवाईक हे सगळं पाहत होते. ज्या सरकारने माणूस नेला त्याच्या नोंदी मिळत नव्हत्या, आणि आता जो एकमेव पुरावा होता तोही डोळ्यांदेखत संपत चालला होता.

टेक्सासचा म्हातारा आणि घाबरलेली पोरं

नातवंडं शोधणाऱ्या आजींच्या संघटनेने (त्यांच्याविषयी पुढे येईलच) आणि सरकारी आयोगाने अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेकडे मदत मागितली. जून १९८४ मध्ये एक पथक आलं. त्यात क्लाइड स्नो होते. टेक्सासमध्ये जन्मलेले, कायम काऊबॉय हॅट आणि तोंडात सिगारेट किंवा चिरूट. त्यांनी अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक खात्यात वर्षानुवर्षं विमान अपघातांचा अभ्यास केला होता. १९७९ च्या शिकागो विमान अपघातात २७३ जण गेले, तेव्हा मृतांची ओळख पटवण्याच्या कामात ते होते.

स्नोंनी बुलडोझरचं काम थांबवायला सांगितलं. कबर उकरायची तर पुरातत्त्व खात्याचे लोक जसं उत्खनन करतात तशीच उकरली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण करणार कोण? अनुभवी लोक पुढे यायला कचरत होते. राजवट जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते, लष्कर बराकीत होतं, संपलेलं नव्हतं.

स्नोंसाठी दुभाषाचं काम करणारा मॉरिस टिडबॉल-बिंझ हा वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याने मानवशास्त्र शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना विचारलं. पॅट्रिशिया बर्नार्डी, लुईस फोंडेब्रायडर, मर्सिडीज डोरेट्टी अशी विशीतली मुलं हळूहळू जमली. यातल्या कुणी तोवर माणसाची ताजी कबर उघडलेली नव्हती. कामाच्या वेळी काम करा, रडायचं ते रात्री रडा, असं स्नो त्यांना सांगत. ते स्वतः पुढची पाच वर्षं येत राहिले आणि त्यांना शिकवत राहिले.

या गटाचीच पुढे अर्जेंटाइन फॉरेन्सिक अँथ्रोपोलॉजी टीम झाली. स्पॅनिश आद्याक्षरांवरून तिला 'ईएएएफ' म्हणतात. आज हे लोक जगभर बोलावले जातात.

आधी माती, मग हाड

कबरीवरची वरची माती फावड्याने निघते. त्याखाली मात्र खुरपी, लाकडी काड्या आणि ब्रश. सांगाडा दिसला तरी उचलायचा नाही. पूर्ण उघडा करायचा, मोजमापं घ्यायची, फोटो काढायचे, नकाशा करायचा, मग एकेक हाड उचलायचं. काढलेली सगळी माती चाळणीतून जाते.

एवढा सोपस्कार कशासाठी? समजा पोटात गोळी लागली होती. पोटाचं मांस कुजून गेलं, की गोळी मणक्याजवळच्या मातीत पडून राहते. सांगाडा जागेवर असताना ती सापडली, तर ती 'त्याच्या पोटात' होती असं कोर्टात म्हणता येतं. ढिगाऱ्यात सापडली तर ती फक्त एक गोळी. मनगटं पाठीमागे एकत्र असतील तर हात बांधले होते हे कळतं, पण तेही हाडं हलवण्याआधीच. कबर एकदाच उघडता येते, ही या कामातली सगळ्यात कडक अट आहे.

हाडं काय सांगतात?

पहिला प्रश्न अगदी साधा असतो, हे माणसाचं आहे का? अमेरिकेत कातडी निघालेला अस्वलाचा पंजा माणसाचा हात समजून पोलिसांत दिल्याची उदाहरणं या शास्त्राच्या वर्गात हमखास सांगितली जातात.

मग लिंग. यासाठी सगळ्यात भरवशाचं हाड म्हणजे पेल्विस, कमरेखालचं, ज्यावर आपण बसतो ते. बाळंतपणासाठी बाईचं पेल्विस रुंद असतं, पुढच्या बाजूचा कोन मोठा असतो. पेल्विस चांगल्या अवस्थेत असेल तर तज्ज्ञ सहसा चुकत नाही. कवटीवरूनही अंदाज येतो (पुरुषाच्या भुवईचा उंचवटा जाड, कानामागचं हाड मोठं), पण भरवसा कमी. लहान मुलांच्या बाबतीत मात्र दोन्ही निरुपयोगी, कारण हे फरक वयात आल्यावरच दिसतात.

वयाचं नेमकं उलटं. मुलांचं वय चांगलं सांगता येतं. दुधाचे दात, कायमचे दात, हाडांची टोकं जुळणं, याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. सगळ्यात शेवटी जुळतं ते गळ्याजवळच्या कॉलरबोनचं आतलं टोक, विशीच्या शेवटाकडे. त्यानंतर वाढ संपते आणि झीज सुरू होते, आणि झीज प्रत्येकाची वेगळी. डोक्यावर गोणी वाहणारा हमाल आणि टेबलावर बसणारा कारकून एकाच वयाचे असले तरी त्यांचे मणके एका वयाचे दिसत नाहीत. म्हणून चाळिशीनंतर '४० ते ६०' असा ऐसपैस अंदाज दिला जातो. कुणी सांगाडा बघून 'हा ४७ वर्षांचा होता' असं ठामपणे म्हणत असेल तर तो मालिकेतला आहे.

उंची मांडीच्या हाडावरून काढतात. याचे गाजलेले कोष्टक मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९५२ मध्ये एका सहकाऱ्यासोबत मांडले. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांची ओळख पटवण्याचं काम त्यांनी हवाईमध्ये केलं होतं. सैन्यभरतीच्या वेळची उंची कागदावर होतीच, हाडं समोर होती, दोन्हीची सांगड घातली. त्यांच्या सूत्राने गोऱ्या अमेरिकी पुरुषाचं मांडीचं हाड ४५ सेंटिमीटर असेल तर उंची येते सुमारे १६८ सेंटिमीटर, तीन सेंटिमीटर इकडेतिकडे. हेच सूत्र सरसकट भारतीय माणसाला लावलं तर चुकू शकतं. पायांचं आणि धडाचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं, म्हणून वेगवेगळ्या लोकसमूहांसाठी वेगळी सूत्रं करावी लागतात.

राहिल्या जखमा. हाड मोडून पुन्हा जुळलं असेल तर माणूस त्यानंतर जगला होता. मरताना मोडलेल्या ओल्या हाडाच्या कडा एका प्रकारे तुटतात. मातीत वर्षानुवर्षं पडून सुकलेलं हाड फावड्याने तुटलं तर कडा वेगळी दिसते, शिवाय आतला रंगही फिकट असतो. कवटीत गोळी शिरते तिथलं भोक आतल्या बाजूला पसरट होतं, बाहेर पडते तिथे बाहेरच्या बाजूला. त्यामुळे गोळी पुढून मारली की मागून, हे कळतं.

बाळाच्या पेटीत हाडच नव्हतं

स्नोंच्या सुरुवातीच्या प्रकरणांपैकी एक एका कुटुंबाचं होतं. १९७६ मध्ये लष्कराने त्यांच्या घरावर हल्ला केला. आई, वडील आणि तीन मुलं असे पाचही जण मेल्याचं अधिकृत कागदावर होतं. धाकटी मुलगी सहा महिन्यांची. १९८४ मध्ये कबरी उघडल्या.

आईवडील आणि दोन मोठ्या मुलांची हाडं होती. बाळाच्या पेटीत कपडे होते, चोखणी होती. हाड एकही नव्हतं.

तान्ह्या बाळाची हाडं नाजूक असतात, ती विरघळून गेली असतील, असा युक्तिवाद झाला. स्नोंनी तो मान्य केला नाही. आठ वर्षांत कपडे टिकतात, शेजारच्या पेट्यांमधल्या भावंडांची हाडं टिकतात, आणि या एकाच पेटीत बाळाचा एक दातही सापडत नाही? (सहा महिन्यांच्या बाळाचे दात बाहेर आलेले नसले तरी जबड्यात तयार होत असतात.) निष्कर्ष एकच होता, या पेटीत बाळ कधी ठेवलंच नव्हतं.

मग बाळ गेलं कुठे? लष्कराने कैदेतल्या गरोदर बायकांची बाळंतपणं होऊ दिली, बाळं काढून घेतली आणि राजवटीच्या मर्जीतल्या घरांत वाटली, हे नंतर कोर्टात सिद्ध झालं. उचललेल्या जोडप्यांची लहान मुलंही अशीच गेली. त्यांना शोधायला त्यांच्या आज्या एकत्र आल्या. 'आबुएलास दे प्लाझा दे मायो', म्हणजे मायो चौकातल्या आज्या. त्यांच्या प्रयत्नांतून आजवर १३० हून अधिक नातवंडांची खरी ओळख उघड झाली आहे. रिकाम्या पेटीने या आज्यांना सांगितलं, की मेलेली म्हणून दाखवलेली मुलं जिवंत असू शकतात.

कोर्टात स्लाइड शो

लष्करी राजवटीच्या नऊ प्रमुखांवर १९८५ मध्ये खटला चालला. 'अर्जेंटिना, १९८५' हा सिनेमा पाहिला असेल तर तो हाच खटला. एप्रिलमध्ये स्नो साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी कोर्टात स्लाइड दाखवल्या.

त्यातली एक केस होती मार देल प्लाता शहरात उचललेल्या २१ वर्षांच्या तरुणीची. उचललं तेव्हा ती पाच महिन्यांची गरोदर होती. ती चकमकीत मारली गेली असा सरकारी दावा होता. कवटीचे तुकडे जुळवल्यावर दिसलं, की अगदी जवळून डोक्यात शॉटगन झाडली होती. चकमकीत कुणी इतक्या जवळ येत नाही. सोबत तिचा हसरा फोटो दाखवला गेला.

स्नोंनी आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या पेल्विसवर बाळंतपणाच्या खुणा आहेत, म्हणजे बाळ जन्मलं होतं. इथे एक टीप द्यायला हवी. या खुणांवरून बाळंतपण ओळखता येतं, असं तेव्हा मानलं जायचं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की मूल न झालेल्या बायकांच्या हाडांवरही अशा खुणा असू शकतात. त्यामुळे आज कुणी फक्त त्यावर विसंबत नाही. या केसमध्ये निष्कर्ष बरोबर निघाला. तिचा मुलगा जिवंत होता आणि २००८ मध्ये सापडला. पण तो डीएनएमुळे, हाडावरच्या खुणेमुळे नव्हे.

९ डिसेंबर १९८५ ला निकाल लागला. नऊपैकी पाच जण दोषी ठरले, दोघांना जन्मठेप झाली.

हाडांइतकंच काम घरांत

कबरीत सापडलेला सांगाडा म्हणजे समजा 'पुरुष, २० ते २५, उंची १७० च्या आसपास, डावा हात लहानपणी मोडलेला'. हजारो बेपत्ता लोकांमध्ये या वर्णनात बसणारे किती निघतील? शेकडो. म्हणून दुसरी यादी लागते, बेपत्ता माणसांची.

ईएएएफची मुलं घरोघरी गेली. उंची किती होती? डावखुरा होता का? कधी हाड मोडलं होतं? कुठला दात काढला होता, दातांचा डॉक्टर कोण? त्या दिवशी अंगावर काय होतं? माणसं कागदावर स्वतःची उंची थोडी वाढवूनच लिहितात, त्यामुळे ओळखपत्रावर विसंबून चालत नाही. आईला मात्र सहावीत सायकलवरून पडून मोडलेला हात आठवतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न होता, कोणासोबत उचललं? कैदेतून सुटून आलेल्यांना विचारलं गेलं, की कुठल्या छळछावणीत कोण कोण होते आणि कोणाला कधी 'दुसरीकडे हलवलं'. या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. अमुक छावणीतून अमुक तारखेला सहा जण हलवले आणि दोन दिवसांनी अमुक दफनभूमीत सहा एन. एन. पुरले, असं जुळलं की शेकडोंची यादी सहावर येते.

विशेष म्हणजे कागद होते. गुप्तपणे मारलेले मृतदेह रस्त्यावर टाकले जायचे, मग स्थानिक पोलीस 'अनोळखी मृतदेह' म्हणून नेहमीप्रमाणे पंचनामा करायचे, बोटांचे ठसे घ्यायचे, मृत्यूचा दाखला आणि दफनाची नोंद करायचे. एका हाताने लपवलेलं दुसऱ्या हाताने फायलीत लावून ठेवलेलं. सरकारी कारकुनी जगभर सारखीच असते. पुढे काही जणांची ओळख त्या जुन्या ठशांवरूनच पटली.

'आम्हाला हाडं नकोत'

सगळ्यांना हे काम हवं होतं असं नाही. दर गुरुवारी पांढरे रुमाल डोक्याला बांधून मायो चौकात फेऱ्या मारणाऱ्या मातांमध्ये यावरून फूट पडली. एका गटाने उत्खननाला ठाम विरोध केला. 'जिवंत नेलंत, जिवंत परत द्या', ही त्यांची मागणी होती. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. हाडांची पेटी स्वीकारली की सरकार फाईल बंद करणार, मारणारे मोकळे फिरणार. १९८६ आणि १९८७ मध्ये खटल्यांना आळा घालणारे कायदे झालेही, तेव्हा त्यांची भीती खोटी वाटली नाही.

ईएएएफने नियम केला, की कुटुंबाला नको असेल तर पुढे जायचं नाही.

आणि ज्यांना हवं होतं, त्यांचंही कठीणच होतं. मृतदेह नसला की तेरावा नाही, दिवस नाहीत, ताट वाढायचं की नाही हेही ठरत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. मुलगा मेला असं म्हणावं तर आपणच त्याला मारल्यासारखं वाटतं. कायद्यातही हा माणूस ना जिवंत ना मृत. अर्जेंटिनाने १९९४ मध्ये कायदा करून 'सक्तीने गायब केल्यामुळे गैरहजर' अशी वेगळी कायदेशीर अवस्थाच निर्माण केली, म्हणजे वारसांचे व्यवहार करता यावेत आणि मृत्यू मान्य करायची सक्तीही नको.

समुद्राने परत दिलेली आई

या मातांना एकत्र आणणाऱ्यांपैकी असुसेना विशाफ्लोर या एक. त्यांचा मुलगा आणि त्याची जोडीदार नोव्हेंबर १९७६ मध्ये गायब झाले. एकट्याने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून काही होणार नाही, चौकात एकत्र जाऊ, असं त्यांनी इतर आयांना सांगितलं. ३० एप्रिल १९७७ ला १४ बायका जमल्या. भाऊ बेपत्ता असल्याची बतावणी करून एक तरुण त्यांच्यात वावरायला लागला. तो नौदलाचा अधिकारी होता. डिसेंबरमध्ये आधी या गटातले बरेच जण आणि मग १० तारखेला असुसेना उचलल्या गेल्या. त्या ५३ वर्षांच्या होत्या.

त्याच महिन्यात अटलांटिकच्या किनाऱ्यावर काही मृतदेह वाहत आले. स्थानिक डॉक्टरांनी उंचावरून आदळल्याने मृत्यू असं नोंदवलं आणि ते जनरल लाव्हाये गावात एन. एन. म्हणून पुरले गेले.

२००५ च्या सुमारास ईएएएफने या कबरी उघडल्या. हाडांवरची मोडतोड उंचावरून कठीण पृष्ठभागावर आदळल्यासारखी होती. विमानाच्या उंचीवरून पडणाऱ्याला पाणीही कठीणच असतं. डीएनए जुळला. त्यात असुसेना होत्या, आणखी दोन माता होत्या, एक फ्रेंच नन होती. कैद्यांना गुंगीचं औषध देऊन विमानातून समुद्रात फेकायचे, हे लोक सांगत होतेच, आता त्याला हाडांचा पुरावा मिळाला. त्या रात्रीचं विमान पुढे अमेरिकेत सापडलं, त्याच्या उड्डाणांच्या नोंदींवरून वैमानिक सापडले आणि २०१७ मध्ये त्यातल्या दोघांना जन्मठेप झाली.

असुसेना यांच्या अस्थी डिसेंबर २००५ मध्ये त्याच मायो चौकात पुरण्यात आल्या.

मग डीएनए असताना हाडं कशाला बघायची?

डीएनए जुळवायला दोन नमुने लागतात. एक हाडातून, दुसरा नातेवाइकाच्या रक्तातून. दुसरा नसेल तर पहिला म्हणजे नुसती आकड्यांची रांग. म्हणून २००७ मध्ये ईएएएफने बेपत्तांच्या नातेवाइकांना रक्त द्यायचं आवाहन करणारी मोठी मोहीम काढली. आईबाप म्हातारे होत होते, मरत होते, घाई होती. आजवर शेकडो जणांची ओळख पटली. शेकडो सांगाडे अजूनही पेट्यांत, क्रमांकानिशी आहेत.

दुसरी यादी नसेल तर काय होतं, याचं उदाहरण भारतातच आहे. पंजाबात अमृतसरजवळ अजनाला इथे एका गुरुद्वाराखालच्या विहिरीतून २०१४ मध्ये मोठ्या संख्येने सांगाडे निघाले. १८५७ च्या उठावात लाहोरहून निघालेल्या २६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या सैनिकांना इथे मारून विहिरीत टाकल्याचं अमृतसरचा तेव्हाचा ब्रिटिश डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. आकडाही दिला होता, २८२. काहींच्या मते मात्र ही फाळणीत मारलेल्यांची हाडं होती.

विहीर हौशी लोकांनी उकरली, शास्त्रशुद्ध उत्खनन झालं नाही. हाडं मोडली, मिसळली. ब्युनोस आयर्सच्या बुलडोझरचीच गोष्ट, तीस वर्षांनी. दात मात्र टिकले. पंजाब विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ जे. एस. सेहरावत यांनी हैदराबादची सीसीएमबी, बनारस हिंदू विद्यापीठ आणि लखनऊच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांसोबत दातांचा अभ्यास केला. लहानपणी आपण जिथलं पाणी पितो तिथली रासायनिक छाप दाताच्या वरच्या आवरणात राहते आणि पुढे बदलत नाही. ही छाप आणि डीएनए दोन्ही पाहून २०२२ मध्ये निष्कर्ष आला, की हे लोक पंजाबचे नव्हते, गंगेच्या खोऱ्यातल्या पूर्व भागातले होते. बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीत भरती तिथूनच व्हायची.

म्हणजे पलटण कळली, मुलूख कळला. नाव एकाचंही जुळवता आलेलं नाही. कुणाच्या घरी जाऊन विचारायचं?

महाराष्ट्रात सांगाडा सापडला तर?

धरणाचं पाणी आटल्यावर किंवा पाया खणताना हाडं निघाली की पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. हाडं सरकारी मेडिकल कॉलेजात जातात आणि तिथले न्यायवैद्यक किंवा शरीररचना विभागाचे डॉक्टर मत देतात. डीएनएसाठी नमुने मुंबईत कलिनाच्या किंवा राज्यातल्या दुसऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवले जातात. अर्जेंटिनासारखी कबर उकरण्यापासून घरच्यांशी बोलण्यापर्यंत सगळं एकाच टीमने करायची पद्धत आपल्याकडे नाही.

बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांचा डीएनए आणि बेवारस मृतदेहांचा डीएनए एका ठिकाणी ठेवून जुळवायची तरतूद असलेलं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. गुन्हेगार आणि संशयितांचा डीएनएही त्याच बँकेत जाणार असल्याने खासगीपणाच्या मुद्द्यावर त्याला विरोध झाला. २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतलं.

तोवर मिसिंगच्या तक्रारीत जे लिहिलं जातं तीच आपली दुसरी यादी. त्यात सहसा रंग गहू, बांधा सडपातळ, अंगात निळा शर्ट एवढंच असतं. यातलं हाडांवर काहीच उरत नाही. मोडून जुळलेला हात, पायात बसवलेली सळई किंवा प्लेट (तिच्यावर कंपनीचा क्रमांक असू शकतो), रूट कॅनाल झालेली दाढ, पुढचा पडलेला दात हे उरतं. तक्रार देताना ते लिहून घ्यायला सांगता येतं, आणि जुने एक्स-रे घरात कुठल्या कपाटात आहेत हे बघून ठेवता येतं.